ट्रॅकवर गाडी नेताना पुढे एका कंपनीचे आणि मागे दुसऱ्या कंपनीचे टायर चालतील का?

वळणवेडा

मंडळी, टायरबद्दल मुळापासून समजून घ्यायचं आहे, म्हणून हा धागा.

माझी पोलो जीटी टीएसआय आहे, टायरचं माप १९५/५५ आर १६. पुढच्या महिन्यात आम्ही काही मित्र इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जाणार आहोत. चेन्नईच्या अलीकडे, श्रीपेरुंबुदूरजवळचा मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक, ३.७१७ किलोमीटर लांब, १२ वळणं. गाडी ट्रेलरवर नाही, चालवतच नेणार. पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू असं करत जाऊन-येऊन सव्वादोन हजार किलोमीटरच्या वर होतील.

अडचण अशी आहे की पुढच्या दोन टायरची नक्षी (म्हणजे खाचांची खोली) जेमतेम अडीच मिलिमीटर उरली आहे. मागच्या जोडीला अजून पाच मिलिमीटर आहे. दोन्ही जोड्या एकाच कंपनीच्या, साध्या टूरिंग प्रकारच्या, म्हणजे रोजच्या रस्त्यावरच्या प्रवासासाठीच्या, आणि ते मॉडेल या मापात आता मिळत नाही. एका मित्राकडे वेगळ्या कंपनीची, मऊ रबराची, ट्रेडवेअर (टायरवर छापलेला एक आकडा) २०० लिहिलेली जोडी न वापरता पडून आहे. तो ती स्वस्तात देतोय. माझा विचार आहे की ती पुढे घालावी आणि मागची जोडी आहे तशी ठेवावी. इंजिनची ताकद पुढच्या चाकांवर, वळायचं काम पुढच्या चाकांचं, ब्रेकचा भारही पुढेच. मग चांगली पकड पुढेच हवी ना?

'चारही एकच घाल' एवढ्यावर थांबू नका, कारणासकट सांगा.

भोसरीकर

टायरचं दुकान चालवतो, म्हणून दुकानातल्या बाजूने सांगतो. कंपनी वेगळी हा मुद्दा नंतरचा. आधी टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, काय छापलंय ते वाच.

तुझ्या मापाला बहुतेक ८७ व्ही असं काहीतरी लिहिलेलं असेल. ८७ म्हणजे एक टायर ५४५ किलो पेलतो, व्ही म्हणजे ताशी २४० पर्यंत चालतो. एच असेल तर २१०, टी असेल तर १९०. मित्राची जोडी यापेक्षा खालची नको. मग DOT ही अक्षरं असलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे बघ. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ते आकडे इथे टाक, मग पुढचं बोलू. मऊ रबराचा टायर न वापरता पडून राहिला तरी कडक होत जातो. दिसायला नवाकोरा, खाचा पूर्ण, रबराचे ते बारीक केससुद्धा शाबूत, आणि हाताला मात्र प्लास्टिकसारखा.

एकाच माणसाकडे अशी एकटी जोडी पडून का असते, तेही सांगतो. जून २०२० मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने नव्या टायरची आयात 'मुक्त'मधून काढून 'प्रतिबंधित' यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय आणता येत नाही. इथे न बनणारी बरीच मॉडेलं त्यानंतर बाजारातून गेली. ज्यांनी आधी दोनच घेतले होते त्यांना उरलेले दोन मिळालेच नाहीत. आमच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर घातलेल्या गाड्या येतात, त्यातल्या कितीतरी हौसेने तशा झालेल्या नाहीत, जोडीला जोड मिळाली नाही म्हणून झाल्यात.

रस्त्यासाठी आमचा नियम साधा आहे. एका अक्षावर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला, कंपनी, मॉडेल, माप आणि झीज सारखीच पाहिजे. पुढची जोडी एक आणि मागची दुसरी असली तर रोजच्या वापरात बहुतेकांना काही जाणवत नाही. ट्रॅकचं मात्र जाणकारांनी सांगावं.

हॅनोव्हरवाला

जर्मनीत टायर चाचणीच्या क्षेत्रात काम करतो. वळणवेडा, तुझ्या प्रश्नात एक गृहीतक दडलंय, ते आधी बाजूला काढू या. 'पकड जास्त तितकी गाडी सुरक्षित' हे चारही चाकांना एकत्र लागू आहे. एकाच अक्षाची पकड वाढवलीस तर वाढते ती पकड नाही, पुढच्या-मागच्यातला फरक वाढतो. आणि गाडी हातात राहते की फिरते, ते या फरकावर ठरतं.

थोडं गणित. एखाद्या वळणातून ज्या वेगाने जाता येतं त्याचा वर्ग पकडीच्या प्रमाणात असतो. पकड १० टक्के वाढली तर वेग साधारण ५ टक्के वाढतो. समज, तुझ्या जुन्या टायरवर एक वळण ताशी १०० ने निघतं. पुढे मऊ टायर आले की पुढचा भाग १०५ ने आत शिरायला तयार होतो. स्टिअरिंग हलकं आणि तरतरीत लागतं, गाडी आज छान वळतेय असं वाटतं, कारण हातांना जी माहिती मिळते ती पुढच्या चाकांची. मागचे टायर मात्र अजून १०० चेच आहेत, आणि त्यांची माहिती तुझ्यापर्यंत उशिरा येते.

पुढच्या टायरची पकड आधी संपते तेव्हा गाडी वळणाबाहेर सरळ जायला बघते. माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो आणि नेमकं तेच योग्य ठरतं. वजन पुढे येतं, वेग कमी होतो, गाडी पुन्हा वळू लागते. मागची पकड आधी संपली तर हीच घाबरून केलेली कृती उलटी पडते. ॲक्सिलरेटर सोडला की मागच्या चाकांवरचं उरलंसुरलं वजनही पुढे जातं आणि गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते. म्हणून टायर कंपन्या सांगतात की दोनच नवे घेतले तर ते मागे घाला, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असो की मागच्या.

आता कंपनी वेगळी असण्याचा भाग. टायर वळतो तेव्हा चाकाचं तोंड एका दिशेला असतं आणि टायर प्रत्यक्षात किंचित वेगळ्या दिशेला जात असतो. हा स्लिप अँगल. तो वाढेल तशी पकड वाढते, एका टोकाला पोचते आणि मग उतरते. ट्रॅककडे झुकणारा ताठ साइडवॉलचा टायर हे टोक ढोबळमानाने पाच-सहा अंशांत गाठतो, लवचीक टूरिंग टायर आठ-दहा अंशांपर्यंत रेंगाळतो. दोघे वेगवेगळ्या वेळी जागे होतात आणि वेगवेगळ्या तऱ्हेने हार मानतात. तू स्टिअरिंग वळवलंस की पुढचा टायर लगेच बाजूला ओढतो, मागचा अजून आपला कोन जमवतोय. डावीकडून लगेच उजवीकडे अशी वळणं आली की हा उशीर साचत जातो.

जुनं उदाहरण म्हणजे १९६० ची शेव्हरोले कॉर्व्हेअर. इंजिन मागे, मागचं सस्पेन्शनही लहरी. कंपनीने हवा सांगितली होती पुढे १५ पीएसआय आणि मागे २६. पुढची पकड मुद्दाम कमी ठेवून शेपूट सांभाळलेली होती. पंपावर कुणी चारही चाकांत सारखी हवा भरली की तो तोल बिघडायचा. टायर तेच, कंपनी तीच, फक्त हवेचा फरक. तू तर रबर, साइडवॉल, नक्षी आणि वय या सगळ्यातच फरक करायला निघालायस.

गिअर_तिसरा

हॅनोव्हरवाला, सिद्धांत मान्य. तरी पूर्ण सहमत नाही. जिमखाना आणि ऑटोक्रॉसमध्ये (मोकळ्या जागेत शंकू मांडून वेळ लावून गाडी पळवायच्या स्पर्धा) पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना कितीतरी जण मुद्दामच पुढे मऊ आणि मागे कडक टायर घालतात. मागे जास्त हवा भरतात, जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) लावतात. सगळं कशासाठी, तर मागचा भाग थोडा फिरावा आणि गाडीने वळणाबाहेर जाणं थांबवावं म्हणून. अशा गाड्यांचा जन्मजात दोषच नाक बाहेर जाण्याचा आहे. मग वळणवेडाची कल्पना एवढी चूक कशी?

हॅनोव्हरवाला

@गिअर_तिसरा, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. शर्यतीच्या गाड्याही मागे सैल ठेवतात. फरक जागेचा आणि वेगाचा आहे. ऑटोक्रॉस शंकूंमधून चालतं, वेग दुसऱ्या गिअरचा, गाडी फिरली तर शंकू पडतात आणि वेळ जातो. इरुंगट्टुकोट्टईचं पहिलंच वळण मुख्य सरळ पट्टा संपल्यावरचं वेगवान उजवं वळण आहे. तिथे फिरलेली गाडी कुठे थांबेल हे चालकाच्या हातात नसतं.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. पुढच्या चाकांच्या गाडीत ओढायचं, वळायचं, थांबवायचं हे सगळं पुढचे टायर करतात, त्यामुळे ते लवकर तापतात. मागचे नुसते मागून येतात आणि बराच वेळ थंड राहतात. पुढच्या चाकांच्या टूरिंग कार शर्यतींमध्ये पहिल्या फेऱ्यांत थंड मागच्या टायरवर गाडी फिरणं ही कसलेल्या चालकांचीही नेहमीची डोकेदुखी आहे, आणि तिथे चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे असतात. इथे पुढे लवकर तापून चिकटणारं रबर आणि मागे टूरिंगचं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत फरक सगळ्यात मोठा. पुढे पंधरा-वीस मिनिटांनी पुढचे टायर जास्त तापून घसरू लागले की फरक उलटा. एकाच सत्रात गाडी स्वभाव बदलते, आणि पहिल्यांदा ट्रॅकवर आलेल्या माणसाला कळत नाही की चुकलं काय, आपण की गाडी.

मागचा भाग सैल ठेवणारे लोक एका वेळी एकच गोष्ट बदलतात, तीही मागेपुढे करता येईल अशी. दोन पीएसआय हवा कमी-जास्त केली, ट्रॅकवर जाऊन पाहिलं, परत आले. टायरची कंपनी बदलणं म्हणजे दहा गोष्टी एकदम बदलणं.

घाटमाथा

या पहिल्या वळणावर मी समोर पाहिलेला प्रसंग सांगतो. आमच्या गटातल्या एकाची स्विफ्ट. पुढे नवी मऊ जोडी, मागे गाडीबरोबर आलेले जुने टायर. सकाळचं पहिलं सत्र, दुसरी फेरी. पहिल्या वळणात शिरल्यावर त्याला वेग जास्त वाटला आणि त्याने पाय उचलला. गाडी दीड वेळा फिरून गवतात गेली. माणसाला काही झालं नाही, पण दोन रिम वाकले आणि खालचं कव्हर फाटलं. तो म्हणाला की स्टिअरिंग एकदम घट्ट आणि छान होतं, काहीच इशारा मिळाला नाही. हॅनोव्हरवाल्यांचं वाचल्यावर आता कळतंय की इशारा येणार होता तो मागून.

निशिगंधा

खूप शिकायला मिळतंय. माझे दोन प्रश्न, अगदी प्राथमिक असतील तरी विचारते. पोलो जीटीला ईएसपी आहे, मग गाडी फिरायला लागली की तो सांभाळून घेणार नाही का? आणि इरुंगट्टुकोट्टईच्याच गेल्या ट्रॅक डेनंतर (हौशी लोकांनी आपली गाडी ट्रॅकवर चालवायचा दिवस) माझ्या गाडीचा फक्त पुढचा डावा टायर खूप झिजलाय. तेवढा एकच बदलला तर?

हॅनोव्हरवाला

ताई, ईएसपी एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सावरतो. पण ब्रेक लावायलासुद्धा पकड त्याच टायरची लागते. त्याच्याकडे नवी पकड नसते, असलेली तो वाटून देतो. ट्रॅकवर तो चालूच ठेवा, नवशिक्याने बंद करू नये. पण तो आहे म्हणून टायरची तडजोड करू नका.

डावा पुढचा झिजला कारण हा ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालतो. उजवी वळणं जास्त, आणि उजव्या वळणात भार डाव्या बाजूवर येतो. एकच बदलू नका. नव्या टायरला साधारण आठ मिलिमीटर नक्षी असते. शेजारच्याला तीन असली तर त्रिज्येत पाच मिलिमीटरचा फरक, म्हणजे परिघात ३१ मिलिमीटर. १९५/५५ आर १६ चा परिघ जवळपास १९५० मिलिमीटर आहे, म्हणजे दीड टक्क्याहून जास्त. सरळ रस्त्यावरही डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) सतत फिरत राहणार. जोरात ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढणार, आणि पावसात ते आणखी वाढणार. पुढचे दोन्ही बदला, आणि नवी जोडी मागे घालून मागची पुढे आणा.

डावे-उजवे वेगळे टायर शर्यतींत असतात, हेही खरं. अमेरिकेत नॅसकारच्या लंबगोल ट्रॅकवर गाडी एकाच बाजूला वळते, म्हणून गुडइयर डाव्या आणि उजव्या बाजूचे टायर वेगळे बनवते. १९८० च्या दशकात फॉर्म्युला वनमध्येही जास्त भार येणाऱ्या बाजूला कडक आणि दुसरीकडे मऊ रबर घातलेलं असायचं. पण दोन्ही बाजूंचे टायर एकाच कारखान्यातले, एकमेकांसाठी जुळवलेले, आणि प्रत्येक टायरचं तापमान मोजायला माणसं उभी.

तांबडा_पांढरा

कोल्हापूरचा आहे, इथल्या मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर कार्टिंग करत मोठा झालो, म्हणून हे पटतंय. कार्टला सस्पेन्शन नाही, मागे डिफरन्शिअलही नाही, अख्खा अक्ष एकसंध. जे काही कळतं ते टायरमधूनच. तिथे पोरांना सुरुवातीलाच चारही टायर एकाच प्रकारचे देतात, कारण टायर वेगळे असले की पोरगं आपल्या चुकीतून काय शिकायचं तेच विसरतं. वळणवेडा, तू पहिल्यांदाच जातोयस ना? मग तुला वेळेपेक्षा शिकायला महत्त्व आहे. साध्या टायरवर शिक. साधा टायर लवकर किंचाळतो, मर्यादा हळूहळू येते, चूक कमी वेगात होते. मऊ टायर गप्प राहून खूप पुढे नेतो.

जर्सीकर

अमेरिकेतून. चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून एक भर घालतो. माझी सुबारू आहे. कंपनी सांगते की चारही टायरच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे साधारण सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. वर ३१ मिलिमीटरचं गणित आहेच. इथे पुढे-मागे वेगळी कंपनी म्हणजे नुसता वळणाचा प्रश्न नाही, मधला डिफरन्शिअल किंवा क्लच तापून निकामी होऊ शकतो. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात थोडे लहान-मोठे असतात, हे फीत लावून मोजल्याशिवाय कळत नाही. भारतात कुणाकडे अशी गाडी असेल तर फीत लावून मोजाच.

वळणवेडा

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार.

@भोसरीकर, मित्राच्या जोडीवर शेवटचे आकडे १४१९ आहेत. दोन्ही टायरवर तेच. रेटिंग ८७ व्ही.

आणखी एक शंका. ट्रेडवेअर २०० असलेले दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचे दोन मिळाले आणि ते मागे घातले, तर पुढे-मागे दोन्हीकडे २०० होतील. आकडा सारखा म्हणजे पकड सारखी, असं धरता येईल का?

भोसरीकर

१४१९ म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. सोड तो विषय. एवढी वर्षं कुठल्या उन्हात, कुठल्या पत्र्याखाली होती कोण जाणे. एवढ्या जुन्या मऊ रबरावर ट्रॅकला जाऊ नकोस.

आणि २०० ला २०० समजू नकोस. आमच्याकडे गिऱ्हाईक तो आकडा वाचून भाव करतं, पण तो झिजेचा आकडा आहे, पकडीचा नव्हे.

हॅनोव्हरवाला

भोसरीकर अगदी बरोबर. ही अमेरिकेची पद्धत. एका ठरावीक टायरला १०० धरतात आणि त्याच्या तुलनेत हा किती टिकेल ते सांगतात. २०० म्हणजे दुप्पट टिकेल असं अपेक्षित. पण हा आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते. त्यात शर्यतींच्या नियमांत अनेक ठिकाणी '२०० किंवा त्याहून जास्त' अशी अट असते, त्यामुळे बरोबर २०० लिहिलेले पण प्रत्यक्षात फार वेगळे असे टायर बाजारात आहेत. शेजारचं ट्रॅक्शनचं अक्षर, ए किंवा डबल ए, तेही ओल्या पृष्ठभागावर सरळ ब्रेक मारून ठरतं. वळणातली पकड त्यात मोजलेलीच नाही. तुला हवी ती माहिती साइडवॉलवर कुठेच छापलेली नसते.

कंपन्या हे किती गंभीरपणे घेतात ते पोर्शेच्या टायरवर दिसतं. त्यांच्यासाठी बनलेल्या टायरवर एन-०, एन-१ अशा खुणा असतात. कंपनी तीच, मॉडेल तेच, माप तेच, तरी एन-० आणि एन-१ एकत्र घालू नका असं पोर्शे सांगते. बीएमडब्ल्यूची चांदणी, मर्सिडीजचं एमओ, ऑडीचं एओ हे त्याच जातीचं. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांमध्ये जर इतका फरक धरतात, तर दोन कंपन्यांचं काय.

गिअर_तिसरा

कॉर्व्हेअरचं आणि तापमानाचं वाचून माझं मत बदललंय. पहिल्या ट्रॅक डेला पुढे मऊ, मागे कडक हा सल्ला मी देणार नाही. मग आता वळणवेडाने नेमकं काय करावं? चारही नवे मऊ घेणं बजेटबाहेर असेल, मागची पाच मिलिमीटरची जोडी फेकणं जिवावर येईल.

भोसरीकर

मी दोन मार्ग सांगतो.

चारही एकाच मॉडेलचे घे, पण मऊ नको. टूरिंगच्या एक पायरी वर असलेले, व्ही रेटिंगचे, इथेच बनणारे. पुढच्या वर्षी त्यातले दोन झिजले तर तेच मॉडेल परत मिळण्याची शक्यता जास्त, हे विसरू नकोस. मागची जुनी जोडी मी बदल्यात घेईन. अल्टो किंवा वॅगनआरला ते माप बसत नाही, पण पोलो-व्हेंटोवाल्याला रस्त्यासाठी चालेल.

ते जमत नसेल तर नवी टूरिंग जोडी मागे आणि मागची पाच मिलिमीटरची पुढे. अडीचवाली काढून टाक. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी त्यावर तू सव्वादोन हजार किलोमीटरला निघू नकोस.

हॅनोव्हरवाला

दुसरा मार्ग मला वाटला होता त्यापेक्षा बराच चांगला आहे, कारण सांगतो. कोरड्या ट्रॅकवर पूर्ण नक्षीचा नवा टायर तितकासा बरा नसतो. उंच रबराचे ठोकळे वळणात वाकतात, तापतात आणि कडेचे तुकडे उडतात. म्हणूनच शर्यतीवाले कधीकधी नवे टायर तासून घेतात. त्यामुळे जास्त भार असलेल्या पुढच्या अक्षावर पाच मिलिमीटरचे आणि मागे नवे हे कोरड्यात बसतं. पावसात तर हेच हवं, पाणी मागच्या नव्या नक्षीतून नीट बाहेर जाईल. पुढची चाकं पाण्यावर तरंगली तर स्टिअरिंग हलकं होऊन तुला कळतं. मागची तरंगली तर कळेपर्यंत गाडी आडवी. ट्रॅकवरच्या पावसाइतकाच हा विचार हुबळी ते तुमकूर रात्री परत येतानाच्या पावसाचाही कर.

तरी दोन वेगळ्या मॉडेलचे टायर असणारच, म्हणून वेग बेताचा ठेव आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्या मागचे टायर थंड आहेत हे धरून चालव. निवड माझ्यावर सोडलीस तर मी चारही सारखे घेईन. नव्या टायरवर साच्यातून निघताना लागलेला थर असतो आणि तो रस्त्यावर झिजून जावा लागतो. पुण्याहून तिकडे जाईपर्यंत ते काम आपोआप होईल.

निशिगंधा

हवेबद्दलही कुणीतरी लिहा ना. मागच्या वेळी प्रत्येकाने वेगळा आकडा सांगितला.

घाटमाथा

मी करतो ते लिहितो. सकाळी टायर थंड असताना पेट्रोलच्या झाकणामागच्या स्टिकरवरच्या आकड्याने सुरुवात करायची. टायरचं तापमान साडेपाच अंश वाढलं की हवा साधारण एक पीएसआय वाढते, त्यामुळे सत्र संपवून आल्या आल्या, टायर गरम असतानाच मोजायची. पुढच्या चाकांत वाढ जास्त दिसेल, मागच्यांत कमी. सत्राआधी टायरच्या खांद्यावरून साइडवॉलपर्यंत खडूची रेघ ओढायची. परत आल्यावर रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते बघायचं. साइडवॉलवर फार खाली पुसली असेल तर टायर लोळतोय, हवा कमी आहे. खांद्यावर शाबूत असेल तर हवा जास्त आहे. प्रत्येक चाकाची नोंद वहीत करायची. वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर असतील तर पुढच्यांचा योग्य आकडा मागच्यांना लावू नये, कारण साइडवॉलचा ताठपणा वेगळा.

आणि हे नक्की करा. गरम असताना हवा कमी केलेली असेल तर घरी निघण्याआधी टायर थंड झाल्यावर परत भरायची. लोक थकलेले असतात, तसेच निघतात, आणि कमी हवेच्या टायरवर हायवेला हजार किलोमीटर जातात. टायर फुटायला यापेक्षा दुसरं कारण लागत नाही.

तांबडा_पांढरा

ब्रेक ऑईलही बदलून घे रे वळणवेडा. टायर वाचवलेस आणि तिसऱ्या सत्रात पेडल जमिनीला टेकलं असं नको. सत्र संपल्यावर एक फेरी हळू मारून ब्रेक थंड कर आणि थांबल्यावर हँडब्रेक ओढू नकोस, गिअरमध्ये ठेव. चाकाचे बोल्ट आधी आणि मध्ये तपास. पोलोला १२० न्यूटन मीटर.

जर्सीकर

विम्याचीही पाने उघडून बघा. भारतातल्या गाड्यांच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादांमध्ये आयोजित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवरचं नुकसान स्वतःच्या खिशातून धरूनच जा.

वळणवेडा

ठरलं. चारही एकाच मॉडेलचे घेतोय, व्ही रेटिंगचे, मऊ नाहीत. मित्राला त्याच्या जोडीबद्दल नाही म्हणून सांगितलं, आणि त्यानेही ती कुणाला ट्रॅकसाठी देऊ नये म्हणून हा धागा त्याला पाठवला. नव्या रिमचे पैसे वाचवून ते टायर आणि ब्रेक ऑईलकडे वळवले. हॅनोव्हरवाला, तुमच्या १०० आणि १०५ च्या उदाहरणाने सगळं डोक्यात नीट बसलं.

भोसरीकर, शनिवारी येऊ का? अलाइनमेंट पण करायचंय.

भोसरीकर

शनिवारी दुपारी ये, सकाळी गर्दी असते. येताना गाडीत सामान भरू नकोस, अलाइनमेंट रिकाम्या गाडीवर आणि अर्ध्या टाकीवर करू. चारही टायरचे आठवडा-वर्षाचे आकडे तुझ्यासमोर जुळवून मगच चढवतो. साइडवॉलवर खडूने पुढचा डावा, पुढचा उजवा असं लिहून देईन. ट्रॅकवरून आलास की तसाच परत ये, चारही टायरची नक्षी मोजू आणि डावा पुढचा किती गेला ते बघून चाकं फिरवू.

निशिगंधा

@भोसरीकर, दादा, मी पण येते, पुढचे दोन बदलायला. तुमच्या दुकानात खोली मोजायचं ते छोटं गेज विकत मिळेल का?

भोसरीकर

मिळेल ताई. नाही मिळालं तर माझ्याकडचं एक देतो, दोन आहेत.